चार बोटं कापड

ग्लायडर क्लबानं मला फसवलं. मी क्लबाला फसवलं नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, म्हणजे शेवटी कुणी मला 'दोन्ही बाजूंचं थोडंथोडं चुकतंच' असं ऐकवायला नको. बंद पडलेल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरातलं सामान घेणं आणि विकणं हा माझा धंदा आहे. असं बोलणारा माणूस बहुतेक वेळा जास्त चुकलेल्या बाजूचा असतो, हे मला त्या धंद्यानं शिकवलंय.

मी मूळचा अकोल्याचा. इथे ओहायोत आलो तो व्हिसावर, दुसऱ्याच्या कंपनीत कोड लिहायला. ग्रीन कार्ड हातात पडलं त्याच महिन्यात साहेबाशी भांडलो आणि नोकरी सोडली. ओहायोतल्याच डब्लिन गावातल्या आमच्या ओळखीच्या सगळ्यांनी बायकोचं सांत्वन केलं. आज त्यातल्या दोघांनी आपापल्या रेस्टॉरंटची भट्टी माझ्याकडून घेतलीय. घासाघीस मला कुणी शिकवली नाही, पण ती मला येते. तिचा माझा एकच नियम आहे. सौदा अडला की उठायचं, हात मिळवायचा आणि घरी यायचं. मग फोनची वाट बघायची. जो आधी फोन करतो तो हरतो.

एकदा तासाभराच्या अंतरावरच्या गावात एक डायनर, म्हणजे रस्त्याकडेचं छोटं हॉटेल, बंद होत होतं. तिथला तळणीचा फ्रायर बघायला गेलो. मालकाशी जमलं नाही. नियमाप्रमाणे उठलो. परत येताना डाव्या हाताच्या मक्याच्या शेतांवरून एक पांढरं विमान खाली आलं आणि त्याचा आवाजच आला नाही. इतकं मोठं काहीतरी माझ्या गाडीवरून गेलं आणि मला फक्त माझ्याच ब्लिंकरची टिकटिक ऐकू येत होती. मी गाडी कडेला घेतली. कुंपणापलीकडे गवताची धावपट्टी होती. विमानातून एक उंच, वाळका म्हातारा उतरला. त्यानं टोपी नीट केली आणि माझ्याकडे बघून ओरडला, "हात रिकामे आहेत का?"

मी कुंपण ओलांडून गेलो आणि त्यानं दाखवला तिथे पंख धरला. त्यानं नाव विचारलं नाही, कुठून आलास विचारलं नाही. विमान ढकलत आम्ही हँगरपर्यंत गेलो. वाटेत माझा फोन वाजला. डायनरचा मालक होता. नियम पुन्हा एकदा खरा ठरला आणि मी त्याच दिवशी क्लबात नाव घातलं.

त्यानंतरचे दोन उन्हाळे माझे शनिवार त्या गवतावर गेले. ज्याला ग्लायडिंग माहीत नाही त्याला वाटतं, आपण जायचं, बसायचं, उडायचं. तसं नसतं. ग्लायडरला इंजिन नसतं. दुसरं छोटं विमान त्याला दोरानं ओढून वर नेतं आणि वर गेल्यावर आपण पिवळी मूठ ओढून दोर सोडतो आणि तापून वर उठणाऱ्या हवेवर तरंगतो. पण त्याआधी कुणीतरी पंख आडवा धरून बाजूनं पळावं लागतं. कुणीतरी दोर आणून अडकवावा लागतो, कुणीतरी पंखांवर चिकटलेल्या माश्या ओल्या फडक्यानं पुसाव्या लागतात. वीस मिनिटं उडण्यासाठी सबंध दिवस इतरांना उडवायचं. मी जुलैच्या उन्हात पन्नाशीच्या गुडघ्यांनी पंख धरून पळायचो आणि दम खाताना म्हाताऱ्याशी भाव करायचो.

"तीनदा पळतो. मला जेवणाआधी घ्या."

"पाचदा पळ. तरी हवा तुझ्यासाठी जेवणाआधी तापणार नाही."

"चारदा."

"तू बायकोशीपण असाच बोलतोस का?"

"तिच्यापुढे माझं काही चालत नाही."

तो मागच्या सीटवर बसून शिकवायचा. काचेवर बाहेरून लाल लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. विमान तिरकं चाललं की तो बाजूला जातो. "लोकर," म्हातारा मागून म्हणायचा. बस, एवढंच. "सॉरी," मी म्हणायचो आणि पायाखालचं पेडल दाबायचो. मी जन्मात इतक्यांदा कुणाला सॉरी म्हटलेलं नाही. दोनशे फुटांवर आलो की मोठ्यानं 'दोनशे' म्हणायचं, कारण त्याखाली दोर तुटला तर समोरच उतरायचं आणि त्यावर तुटला तर वळून परत यायचं. दोर तुटला तर काय, पाऊस आला तर काय, दुसरं विमान आडवं आलं तर काय, सगळं त्यानं मला सांगितलं. काही म्हणजे काही सांगायचं ठेवलं नाही, असं मला वाटायचं.

आणि दर शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. हॅलो नाही, कसा आहेस नाही.

"उद्या येतोयस ना?"

"येतो."

फोन बंद. बायको पोळ्या लाटता लाटता हसायची. "अहो, माझ्या आईचा फोन आला की तुम्ही अंगणात जाता. आणि या म्हाताऱ्याचा आला की हात पुसून घेता."

दुसऱ्या वर्षी जुलैच्या शेवटी एका शनिवारी दोन फेऱ्या झाल्यावर म्हातारा मागून उतरला. त्यानं रिकाम्या सीटचे पट्टे आवळून बांधले, जसं काही तिथे कुणी बसलंय. मला वाटलं त्याला बाथरूमला जायचंय.

"मी कॉफी घेऊन येतो," तो म्हणाला. "तू तोवर एकटा जाऊन ये."

त्याचं वजन नसल्यानं विमान जमिनीवरून जवळजवळ उडीच मारून उठलं. दोनशे फुटांवर मी 'दोनशे' म्हणालो आणि ते कुणी ऐकलं नाही. वर गेल्यावर पिवळी मूठ ओढली, ठक्क आवाज झाला, ओढणारं विमान डावीकडे खाली गेलं आणि मी उजवीकडे वळलो. खाली दगडांची खाण, तिच्या पलीकडे पाण्याची टाकी, मग मका, मग मका. लोकर जरा सरकली. "सॉरी," मी मोठ्यानं म्हणालो. मागे कुणीच नव्हतं. मग खाणीवर गरम हवेचा एक धक्का लागला आणि विमान आपोआप वर जायला लागलं. मी आयुष्यात जे काही मिळवलं ते कुणाच्या तरी हातातून ओढून घेतलं. ही पहिली गोष्ट, जी मला न मागता मिळाली. मी वळत राहिलो. अकरा मिनिटं.

उतरलो तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि म्हाताऱ्याच्या हातात कात्री होती. पहिल्यांदा एकट्यानं उडालेल्याच्या शर्टाची मागची बाजू कापायची आणि त्यावर तारीख घालून ती क्लबाच्या भिंतीवर लावायची, ही तिथली रीत. मला ठाऊक होती, पण त्या दिवशी एकटा जाणार हे ठाऊक नव्हतं. अंगात मुलीनं वाढदिवसाला दिलेला नवा शर्ट होता.

"थांबा, थांबा. किती कापणार?"

"सगळी पाठ."

"दोन बोटं."

"ए, शर्टावर कुणी भाव करतं का?"

"तीन. आणि खालून."

लोक पोट धरून हसत होते. शेवटी चार बोटांवर जमलं. म्हाताऱ्यानं खरंच माझ्या पाठीला चार बोटं लावून मोजलं आणि पट्टी कापली. "यात तारीखसुद्धा मावणार नाही," तो कुरकुरला. "बारीक लिहा," मी म्हणालो. त्या क्षणापासून मी सगळ्यांसाठी 'फोर फिंगर्स' झालो. भिंतीवर इतरांची पाठभर कापडं, आणि मध्ये माझी पट्टी, साडीच्या काठासारखी.

निघताना मी क्लबाच्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्याकडे बघितलं. त्यावर शिकणाऱ्यांची नावं असायची. यादी सांभाळणारी बाई, पोस्टातून रिटायर झालेली, हातात डस्टर घेऊन उभी होती. माझं नाव तिनं पुसलेलं होतं. मला बघून तिनं अंगठा वर केला. मीही केला.

पुढच्या शुक्रवारी फोन आला नाही.

मी हात पुसून तयार होतो. सात वाजले, आठ वाजले. मला वाटलं हवा खराब असेल. शनिवारी सकाळी आकाश असं होतं की त्याचा फोटो काढून फ्रेम करावी. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. तिसऱ्या शुक्रवारी मुलगी कॉलेजातून घरी आली होती. मी फोन टेबलावर ठेवून त्याच्यासमोर बसलेला बघून ती म्हणाली, "बाबा, जस्ट कॉल देम."

"का म्हणून? त्यांनी करायला हवा. नाव त्यांनी पुसलं."

"इट्स नॉट अ फ्रायर, बाबा."

मी तिच्यावर ओरडलो. नंतर तिच्यासाठी शिरा केला, पण फोन केला नाही. माझं गणित सरळ होतं. जोवर मी शिकाऊ होतो तोवर पंख धरून पळणारा एक माणूस त्यांना हवा होता. मी पायलट झालो तसा त्यांचा माझ्यातला रस संपला. माल विकून झाल्यावर दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघत नाही तसं. त्यांच्या बाजूनं सौदा संपला असेल तर फोन करून लाचार मी का व्हावं?

एकट्यानं उडायची परवानगी नव्वद दिवसांची असते. म्हाताऱ्यानं माझ्या लॉगबुकात सही करून दिली होती. ते नव्वद दिवस ऑक्टोबरच्या शेवटी संपले. त्या दिवशी मी एका चर्चच्या तळघरातून शेगडी उचलून आणत होतो. वर बघितलं तर पार्किंग लॉटवर गिधाडं गोल गोल फिरत होती, पंख न हलवता. डांबर तापलं की त्यावरून हवा उठते. मी नकळत मनात म्हटलं, अजून डावीकडे, तिथे जास्त जोर आहे. आणि त्यातलं एक डावीकडे गेलं. माझ्याबरोबरच्या माणसानं विचारलं, "वर काय आहे?" मी म्हणालो, काही नाही, शेगडी सरळ धर.

त्याआधी गणपतीला मंडळात मी कापलेल्या शर्टाचा फोटो सगळ्यांना दाखवून बसलो होतो. त्यामुळे नंतर जो तो विचारायचा. "काय काका, विमान कसं चाललंय?" "मस्त चाललंय," मी म्हणायचो. दिवाळीला म्हणालो. संक्रांतीला म्हणालो. बायको शेजारी उभी राहून तिळगूळ वाटायची आणि माझ्याकडे बघायची नाही. धंद्यात मी खोटं बोलत नाही, भाव करतो. हे खोटं होतं आणि ते मी जवळजवळ दोन वर्षं बोललो.

दोन वर्षं. मधला सबंध मोसम म्हातारा तिथे होता. मी त्या गावाच्या बाजूला सामान आणायला जायचो तेव्हा मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानं जायचो आणि तरी गाडीची काच खाली करायचो. आवाज येणार नाही हे ठाऊक असून. गाडी चालवताना ढगाखालून गेलो की हात स्टीअरिंगवर आपोआप हलके पडायचे. कपाटात तो शर्ट टांगलेला होता, मागून आखूड. बायकोनं एकदा विचारलं, पायपुसणं करू का? मग माझा चेहरा बघून तिनंच त्याला इस्त्री केली.

या वसंतात क्लबाची ईमेल आली. भिंत रंगवायची आहे, ज्यांची कापडं आहेत त्यांनी घेऊन जावीत.

मी पेटलो. आधी नाव पुसलं, आता कापडही न्या म्हणतात. शनिवारी सकाळी गाडी काढली. बायको म्हणाली, "भांडू नका." मी म्हणालो, भांडायलाच चाललोय.

खोलीत पोस्टातली बाई एकटीच होती. टेबलावर कापडांचा ढीग. माझी पट्टी तिनं वेगळी काढून ठेवली होती, कदाचित हरवेल म्हणून. मी विचारलं, "यातले किती जण अजून उडतात?"

तिनं ढीग बघितला. "फार नाही."

"आणि म्हातारा?"

"गेल्या शरद ऋतूत गेला. ॲरिझोनाला, मुलीकडे. ऐकू कमी येतं आता त्याला. इन्स्ट्रक्टर नवे आहेत."

इतकं ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. मी ओरडलो. दोन उन्हाळे पळवलंत, शर्ट कापलात आणि एक फोन करता आला नाही? तिनं सगळं ऐकून घेतलं. पोस्टात रांगेतल्या लोकांचं ऐकायची सवय असणार. मग म्हणाली, "फोन तूही केला नाहीस."

"माझं नाव फळ्यावरून कुणी पुसलं?"

"मी. तो शिकाऊंचा फळा आहे, फोर फिंगर्स. तू शिकाऊ राहिला नव्हतास. पायलटांचं रजिस्टर वेगळं असतं, तिथे आपलं नाव आपण लिहायचं."

"हे मला कोण सांगणार होतं?"

उठून तिनं कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, पानं उलटली आणि माझ्यापुढे ठेवलं. माझ्या सोलोनंतरचा, म्हणजे एकट्यानं उडाल्यानंतरचा, पहिला शनिवार. म्हाताऱ्याचं तिरपं अक्षर मी ओळखतो. दोन सीटचं ग्लायडर, सकाळी नऊला बाहेर काढलं. पुढे लिहिलं होतं, 'फोर फिंगर्ससाठी राखून'. त्याखाली, 'बारा वाजता इतरांना दिलं'. तिनं पान उलटलं. दुसरा शनिवार, तेच. तिसरा शनिवार, तेच.

"प्रत्येकासाठी करायचा तो," बाई म्हणाली. "सोलो झाला की तीन शनिवार. धावपट्टीच्या कडेला पंखाशेजारी खुर्ची घेऊन बसायचा. मी म्हणायचे, अरे, फोन कर त्याला. तर म्हणायचा, ज्याला बोलवावं लागतं तो शिकाऊच राहतो. आता त्याचं त्यानं यायला हवं."

मी खाली बसलो. माझ्या घरी टेबलावर फोन ठेवून मी बसलो होतो, आणि तासाभराच्या अंतरावर तो खुर्ची टाकून बसला होता. जो आधी फोन करतो तो हरतो, हा माझा नियम. बोलावलं तर शिकाऊ, हा त्याचा. दोघेही आपापल्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर वागलो. या ढिगातल्या प्रत्येक कापडाचा माणूस असाच कुठेतरी वाट बघत बसून, मग उठून गेला असेल.

मी जन्माचा व्यापारी. रडू आलं तरी हात सौद्याकडे जातो. म्हणालो, "भिंत रंगवून झाल्यावर माझी पट्टी परत लावायची. आणि यापुढे एकट्यानं उडालेल्याचे पुढचे पाच शनिवार रजिस्टरात लिहिल्याशिवाय कात्री बाहेर काढायची नाही. कुणाबरोबर उडणार, काय शिकणार, सगळं. तोवर शर्टाला हात लावायचा नाही."

"पाच कोण देणार? इन्स्ट्रक्टर दोन आहेत. एक शनिवार."

"चार. आणि शुक्रवारचे फोन मी करीन."

"दोन. फोन तूच करायचे."

"तीन."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला पहिल्यापासून तीनच हवे होते, हे तिलाही कळलं असावं. "तीन," ती म्हणाली आणि लिहून घेतलं. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवून पेन पुढे केलं. मी माझेही तीन शनिवार लिहिले. पुन्हा मागे कुणालातरी बसवून सुरुवात करावी लागेल. नवीन माणूस 'लोकर' म्हणेल का, ठाऊक नाही.

जाताना मी तिच्याकडून ॲरिझोनाचा नंबर घेतला. धावपट्टीच्या कडेला, जिथे तो खुर्ची टाकायचा तिथे उभा राहिलो. बारा वाजायला आले होते, खाणीवर पहिला ढग धरत होता. मी फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा सौदा अडलेला असताना आधी मी फोन लावला. त्याच्या मुलीनं उचलला, थांबा म्हणाली, मग तिकडे मोठ्यानं काहीतरी बोलली.

"कोण?" म्हाताऱ्याचा आवाज.

"फोर फिंगर्स."

मग तो म्हणाला, "उद्या येतोयस ना?" आणि हसला, खोकला.

"हसू नका," मी ओरडलो, त्याला ऐकू यावं म्हणून आणि राग आला होता म्हणूनही. "दोर तुटला तर काय करायचं ते सांगितलंत. पाऊस आला तर काय, दुसरं विमान आलं तर काय, सगळं सांगितलंत. मग तीन शनिवार तुम्ही तिथे खुर्ची टाकून बसणार आहात, हे एवढं एकच का नाही सांगितलंत? ऐकू येतंय ना? मी फोन ठेवत नाही. मला उत्तर द्या."